दोन दिवसांची गाडी: वॅगनआर की स्विफ्ट?

मोटार विकत घेताना जे प्रश्न महत्त्वाचे ठरतात त्यांपैकी निम्म्याहून अधिक प्रश्न ती दोन दिवसांसाठी भाड्याने घेताना निरर्थक होतात. आणि तरीही शनिवार-रविवारच्या सहलीसाठी गाडी ठरवायला बसलेला मध्यमवर्गीय गृहस्थ प्रथम जो प्रश्न विचारतो तो 'ॲव्हरेज किती देते' हाच असतो. पाच वर्षांनी हिला बाजारात काय किंमत येईल, सुटे भाग स्वस्त मिळतील काय, सर्व्हिस सेंटर घराजवळ आहे काय, या विवंचना मालकाच्या आहेत आणि त्या मालकाकडेच राहू द्याव्यात. भाड्याने घेणाराचा गाडीशी संबंध शुक्रवारी संध्याकाळी किल्ली हाती आली की जडतो आणि रविवारी रात्री ती परत दिली की तुटतो. या अल्प मुदतीत चार माणसे, त्यांचे सामान आणि वाटेतील घाट यांचा भार तिने कुरकुर न करता वाहावा, एवढीच अपेक्षा रास्त होय.

उदाहरणादाखल पुण्याहून महाबळेश्वरची सहल घेऊ, कारण या प्रकारच्या सहलीचा तो जणू ठरीव नमुनाच आहे. खेड-शिवापूरचा टोलनाका, खंबाटकी घाट, सुरूर फाटा, वाई, पसरणीचा घाट, पाचगणी आणि महाबळेश्वर असा हा सुमारे १२० किलोमीटरचा मार्ग; त्यात हमरस्त्याची धाव आहे, वाईच्या बाजारपेठेतील दाटी आहे, पसरणीची अवघड वळणे आहेत आणि पाचगणीत पोहोचल्यावर गाडी उभी करण्यास जागा शोधण्याची सर्वपरिचित यातायातही आहे. भाड्याच्या गाड्यांचे दरपत्रक पाहिले तर या सहलीस जोगत्या छोट्या गाड्यांत दोन नावे हटकून समोर येतात, मारुती सुझुकीची वॅगनआर आणि त्याच कंपनीची स्विफ्ट. दोहोंच्या भाड्यात फरक असला तरी तो चहापाण्याच्या खर्चाइतपतच असतो, म्हणून निवड भाड्यावरून होत नाही. ती गाडीच्या प्रकृतीवरून करावी लागते, आणि एकाच कारखानदाराच्या या दोन गाड्यांची प्रकृती सर्वस्वी भिन्न आहे.

वॅगनआर मूळची जपानची. तेथे करात आणि वाहनतळाच्या नियमांत सवलत मिळणाऱ्या अतिलहान मोटारींचा एक स्वतंत्र वर्ग असून त्या वर्गात लांबी-रुंदीची मर्यादा कडक आहे. तेव्हा जमिनीवर जी जागा मिळत नाही ती आकाशाच्या दिशेने घ्यावी, या सरळ विचारातून १९९३ साली ही उंच, उभट गाडी जन्मली आणि १९९९ च्या अखेरीस ती भारतात आली. तिचे सध्याचे रूप २०१९ च्या जानेवारीपासूनचे. स्विफ्ट भारतात आली २००५ साली, आणि तिच्या रचनाकारांच्या दृष्टीसमोर युरोपातील तरुण चालक होता हे तिच्या बसक्या, रुंद बांध्यावरून कोणीही ओळखावे. तिची चौथी पिढी २०२४ च्या मे महिन्यात बाजारात आली. दोन्ही गाड्या चार मीटरहून आखूड का, आणि मोठ्या इंजिनाच्या वॅगनआरची आणि स्विफ्टची घनक्षमता नेमकी ११९७ घनसेंटीमीटरच का, याचे उत्तर यंत्रशास्त्रात नसून सरकारी करविषयक दप्तरात आहे: लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० घनसेंटीमीटरच्या आत असेल तर कर कमी, अशी सवलत २००६ च्या अर्थसंकल्पाने दिली आणि पुढे वस्तू व सेवा करातही ती मर्यादा टिकून राहिली. आपल्या रस्त्यांवरील बहुतेक छोट्या मोटारींचे आकारमान अशा रीतीने दिल्लीच्या अर्थखात्याने आखलेले आहे, आणि माझ्या मते ते काही फार वाईट आखलेले नाही.

आता मोजमापे. वॅगनआर ३६५५ मिलिमीटर लांब, १६२० रुंद आणि १६७५ उंच. स्विफ्ट ३८६० लांब, १७३५ रुंद आणि १५२० उंच. म्हणजे वॅगनआर तिच्या रुंदीहूनही उंच आहे आणि स्विफ्टपेक्षा वीतभराच्या हिशेबात आखूड व चार-साडेचार इंच अरुंद आहे. कागदावर हे साडेअकरा सेंटीमीटर क्षुल्लक वाटतात. परंतु वाईच्या पेठेत एका बाजूस भाजीची हातगाडी आणि समोरून येणारी एस. टी. असा प्रसंग आला, किंवा पाचगणीत दोन उभ्या गाड्यांच्या मध्ये शिरून दार उघडण्याची वेळ आली, म्हणजे त्यांचे मोल कळते. उलट हमरस्त्यावर, विशेषतः जोराचा आडवा वारा सुटलेला असताना, वॅगनआरच्या उभट कुशीवर तो वारा थपडा मारतो आणि चालकास स्टीअरिंग किंचित सावरून धरावे लागते. बसक्या स्विफ्टला हा त्रास जवळपास नाही.

सामानाच्या जागेबाबत जाहिरातीत दिलेले आकडे खरे असले तरी ते पुरते बोलके नाहीत. वॅगनआरची डिकी ३४१ लिटरची, नव्या स्विफ्टची २६५ लिटरची. परंतु वॅगनआरचे मागले दार उघडून आत पाहावे: जागा खोल नाही, उंच आहे. कडक बांध्याच्या दोन मध्यम बॅगा तीत आडव्या बसत नाहीत, उभ्या बसतात, आणि त्यांच्या माथ्यावर जी पोकळी उरते तीत स्वेटर-शालींचे मऊ गाठोडे दाबून बसवता येते. मात्र मग डिकीचे मधले आवरण काढून ठेवावे लागते. स्विफ्टच्या डिकीचा उंबरठा उंच असल्यामुळे जड बॅग आधी कमरेपर्यंत उचलावी आणि मग आत खाली सोडावी लागते. परत काढताना वाकून तीच कसरत उलट क्रमाने. जाताना हा प्रश्न सहसा बिकट होत नाही. तो बिकट होतो परतताना, कारण हिवाळ्यात महाबळेश्वरहून निघालेले मराठी कुटुंब स्ट्रॉबेरीचे खोके, जॅमच्या बाटल्या, चणे आणि शेजाऱ्यांसाठी घेतलेला मध यांवाचून निघतच नाही, आणि स्ट्रॉबेरीच्या खोक्यावर दुसरे काही ठेवता येत नाही. पायाशी खोकी घेऊन बसण्याची तयारी नसेल तर हा एक मुद्दा वॅगनआरच्या पारड्यात टाकावा.

बैठकीचा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. ज्यांचे गुडघे दुखतात अशा वडीलधाऱ्या मंडळींना गाडीत बसणे हे गाडीत बसून राहण्यापेक्षा कष्टाचे असते. स्विफ्टमध्ये शरीर खाली सोडत आसनावर टेकवावे लागते आणि उतरताना हाताला काही आधार शोधून स्वतःस वर ओढावे लागते. वॅगनआरचे आसन इतपत उंचीवर आहे की माणूस नुसता बाजूस सरकला की बसला. वाटेत चहाला, वाईच्या गणपतीला, पाचगणीच्या टेबललँडला, मग मुक्कामी, असे दिवसात पाच-सहा वेळा चढणे-उतरणे होते. एखाद्या आजींना त्या प्रत्येक वेळी दोघांनी धरून उठवायचे की त्यांना आपल्या आपण उतरू द्यायचे, हा त्यांच्या सुखाचाच नव्हे, मानाचाही प्रश्न आहे.

मुलांची गोष्ट निराळी. घाटात लहान मुलांना गाडी लागते याचे कारण असे की अंतःकर्णातील तोल सांभाळणारी इंद्रिये शरीर वळते आहे असे सांगत असतात, आणि डोळ्यांसमोर मात्र पुढच्या आसनाची स्थिर पाठ असते. या दोन साक्षींत मेळ पडेना म्हणजे मळमळ सुरू होते. डोळ्यांना बाहेरचे क्षितिज दिसत राहिले तर विसंवाद कमी होतो, आणि या दृष्टीने वॅगनआरच्या मोठ्या, सरळ खिडक्या उपकारक आहेत, तर स्विफ्टच्या मागल्या आसनावरील मुलास, खिडकीची खालची कड मागे वर चढत गेल्यामुळे, आभाळाचा एक तुकडा काय तो दिसतो. परंतु येथे एक अडचण आहे. उंच गाडी वळणावर अधिक कलते, आणि हे कलणे हेच मळमळीचे दुसरे कारण होय. तेव्हा वॅगनआर एका हाताने देते ते दुसऱ्या हाताने काही अंशी परत घेते. याला उपाय चालकापाशी आहे: वळणाच्या आधी वेग कमी करावा, वळणात शिरल्यावर ब्रेक लावू नये, आणि मागे मुले असताना पसरणीच्या घाटात कोणाशीही शर्यत लावू नये.

इंजिनाकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करणे अवश्य आहे, आणि माझ्या मते या संपूर्ण विषयातील ती कळीची गोष्ट आहे. 'वॅगनआर' या एकाच नावाखाली दोन निरनिराळ्या गाड्या रस्त्यावर आहेत. एकीस ९९८ घनसेंटीमीटरचे, तीन सिलिंडरांचे, सुमारे ६७ अश्वशक्तीचे इंजिन आहे. दुसरीस ११९७ घनसेंटीमीटरचे, चार सिलिंडरांचे, सुमारे ९० अश्वशक्तीचे. स्विफ्टचीही गत काहीशी अशीच: २०२१ ते २०२४ या काळातील स्विफ्टमध्ये हेच चार सिलिंडरांचे ९० अश्वशक्तीचे इंजिन होते, आणि २०२४ च्या नव्या पिढीत त्याजागी तीन सिलिंडरांचे, तितक्याच घनक्षमतेचे पण सुमारे ८२ अश्वशक्तीचे इंजिन आले, जे इंधन कमी खाते परंतु थांबलेल्या अवस्थेत किंचित अधिक थरथरते. 

घाटात कामास येते ती नुसती शक्ती नव्हे, शक्ती आणि वजन यांचे प्रमाण. मोठ्या इंजिनाच्या वॅगनआरचे वजन साडेआठशे किलोच्या आसपास, लहान इंजिनाच्या वॅगनआरचे त्याहून थोडे कमी, नव्या स्विफ्टचे नऊशेच्या वर. यांत चार माणसे आणि सामान मिळून तीनशे किलो मिळवले तर टनामागे लहान वॅगनआरला सुमारे ६०, नव्या स्विफ्टला ६७ आणि मोठ्या वॅगनआरला ७८ अश्वशक्ती येते. दिसायला चपळ ती स्विफ्ट, पण भरलेल्या गाडीनिशी चढ चढण्यास अधिक समर्थ ती थोरल्या इंजिनाची वॅगनआर, हा निष्कर्ष पुष्कळांना अनपेक्षित वाटेल. आकडे मात्र असेच सांगतात. याखेरीज उंचीचा परिणाम आहे. टर्बो नसलेले इंजिन केवळ सभोवतालच्या दाबाने आत येईल तेवढीच हवा घेते, आणि समुद्रसपाटीपासून दर शंभर मीटरमागे त्याची शक्ती ढोबळमानाने एक टक्क्याने घटते. सुमारे १३०० मीटरवरील पाचगणीस पोहोचेतो बारा-तेरा टक्के शक्ती विरळ हवेने वजा केलेली असते. एअर कंडिशनर आपला वाटा घेतो तो वेगळाच. लहान इंजिनाच्या वॅगनआरमध्ये चौघे बसलेले असताना वाईच्या पुढे चालकाचा हात आपोआप एसीच्या बटणाकडे का जातो, हे यावरून ध्यानी यावे.

गिअर बदलण्याच्या पद्धतीविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण शहरातील मंडळी हल्ली 'ऑटोमॅटिकच द्या' असा आग्रह धरतात. या दोन्ही गाड्यांत जी स्वयंचलित योजना आहे, जिला कंपनी ऑटो गिअर शिफ्ट म्हणते आणि जी तिने प्रथम २०१४ साली सेलेरिओमध्ये आणली, ती खऱ्या अर्थाने वेगळी गिअरपेटी नाही. साधीच गिअरपेटी, साधाच क्लच; केवळ आपला पाय आणि हात जे काम करतात ते एक यंत्र करते. पुण्याच्या चौकाचौकांत हे वरदान आहे. पसरणीच्या अवघड वळणावर मात्र असे होते की वळणाअलीकडे गाडी तिसऱ्या गिअरमध्ये असते, वळणात वेग पडतो, चालक ॲक्सिलरेटर दाबतो, यंत्र विचारात पडते, क्लच सुटतो, आणि नेमक्या चढावर क्षणभर गाडीची ओढच नाहीशी होते. मागून येणारी एस. टी. तेवढ्यात हॉर्न वाजवते. अशा वेळी गिअरचा दांडा 'एम' या खाचेत ढकलून दुसरा गिअर स्वतः धरून ठेवावा. ज्यास क्लचची सवय आहे त्याने घाटाच्या सहलीस मॅन्युअल गाडीच मागावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

उतरताना तर गिअरचे महत्त्व दुणावते. पाचगणी ते वाई हा उतार पावणेसहाशे मीटरच्या आसपास आहे. साडेअकराशे किलोची भरलेली गाडी एवढी खाली आणताना जी ऊर्जा मोकळी होते ती सुमारे १९ लिटर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत नेण्यास पुरेशी असते, आणि गाडी तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये सैल सोडून नुसत्या ब्रेकवर उतरवली तर त्या उष्णतेचा मोठा वाटा पुढल्या दोन चाकांच्या लहानशा डिस्कवर येऊन पडतो. ब्रेक तापतात, जळका वास येऊ लागतो, पेडल मऊ लागते आणि थोडे अधिक खाली जाऊ लागते. पुढची पायरी धोक्याची असते, कारण फार तापलेल्या ब्रेक ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि बुडबुडा दाबला जातो, ब्रेक दाबला जात नाही. 'ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा' हा जुन्या ट्रकचालकांचा दंडक दोन्ही गाड्यांस सारखाच लागू आहे. आणि पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रलवर गाडी सोडणे हे तर मूर्खपणाचे आहे, कारण आधुनिक इंजेक्शनच्या इंजिनात गिअरमध्ये असलेली गाडी उतारावर ॲक्सिलरेटर सोडताच पेट्रोलचा पुरवठा आपण होऊन बंद करते.

पेट्रोलचा विषय निघालाच आहे, तर आरंभी उल्लेखिलेल्या ॲव्हरेजचा हिशेबही उरकून घेऊ. कंपनीने नमूद केलेले आकडे मॅन्युअल गाड्यांसाठी असे: मोठ्या इंजिनाच्या वॅगनआरला लिटरमागे २३.५६ किलोमीटर, नव्या स्विफ्टला २४.८०. इकडेतिकडे भटकणे धरून सहल ३०० किलोमीटरची झाली तर दोहोंतील फरक पाऊण लिटरही भरत नाही. हे आकडे प्रयोगशाळेतील असल्यामुळे घाटात, एसी चालू ठेवून, भरल्या गाडीने ते कोणासच मिळत नाहीत; पण दोन्ही गाड्यांचे आकडे सारखेच खाली येत असल्यामुळे तुलना बदलत नाही. सीएनजीवरील वॅगनआर पैशाच्या दृष्टीने स्वस्त पडते हे खरे. परंतु तिची ६० लिटरची टाकी डिकीतच बसवलेली असते, म्हणजे ज्या ३४१ लिटरांचे गुणगान वर केले ते जवळजवळ संपते. ती लहान इंजिनाचीच असते, आणि गॅसवर त्या इंजिनाची शक्ती आणखी उतरते. चार माणसांच्या घाटातल्या सहलीस ती घेऊ नये.

कागदपत्रांकडे दुर्लक्ष करण्याची आपल्याकडे जी वहिवाट पडली आहे ती येथे महाग पडू शकते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ७५ व्या कलमान्वये १९८९ साली भाड्याने मोटार देण्याची योजना अमलात आली, आणि तीखालील गाडी ओळखण्याची खूण सोपी आहे: काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे. पांढऱ्या पाटीची गाडी खासगी म्हणून नोंदलेली असते. ती ओळखीतल्या कोणी 'भाड्याने' दिली आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. काळ्या पाटीच्या गाडीचा करारनामाही सहीपूर्वी वाचावा. त्यात किलोमीटरची मर्यादा असते, अपघातात आपल्या खिशातून जाणाऱ्या रकमेचा उल्लेख असतो, टोल मालकाच्या फास्टॅगमधून कापला जाऊन मागाहून आपल्या अनामतीतून वसूल होतो, आणि पुष्कळदा गाडीला ताशी ८० किलोमीटरचा वेगनियंत्रक बसवलेला असतो, जो हमरस्त्यावर ट्रक ओलांडताना ऐन वेळी कळण्यापेक्षा आधी कळलेला बरा. गाडी ताब्यात घेताना चारी बाजूंचे ओरखडे आणि पोचे, पेट्रोलचा काटा आणि किलोमीटरचा आकडा यांची छायाचित्रे घ्यावीत. स्टेपनीत हवा आहे काय आणि जॅक-पाना जागेवर आहे काय हे हात लावून पाहावे. हा पंचनामा दहा मिनिटांचा आहे आणि तो दिव्याच्या उजेडात करावा.

निकाल असा. चार माणसे असून त्यांत वृद्ध मंडळी असतील तर मोठ्या इंजिनाची, पेट्रोलवरची, मॅन्युअल गिअरची वॅगनआर घ्यावी. दोघेच असाल, सामान थोडे असेल आणि गाडी हाकण्यातच आनंद वाटत असेल तर स्विफ्ट घ्यावी. वळणावर ती जशी जमिनीस धरून राहते तशी वॅगनआर राहत नाही, आणि २०२४ च्या स्विफ्टच्या सर्वच प्रकारांत सहा एअरबॅगा आहेत, तर वॅगनआरच्या भाड्याच्या जुन्या गाड्यांत दोनच असण्याचा संभव मोठा. लहान इंजिनाची वॅगनआर आणि स्विफ्ट यांतच निवड करावयाची झाली तर चौघांनीही थोडी अडचण सोसून स्विफ्टच पत्करावी. बहुतेक करारनाम्यांत गाडीच्या नावापुढे 'किंवा तत्सम' असे दोन शब्द छापलेले असतात आणि त्यांच्या आधारे ऐन वेळी दुसरीच गाडी पुढे केली जाते, म्हणून पैसे भरण्यापूर्वी इंजिन, इंधन आणि गिअर या तीन गोष्टी लेखी मागून घ्याव्यात. आणि किल्ली हाती घेण्याआधी आरसीवरील घनक्षमतेच्या रकान्यात ९९८ लिहिले आहे की ११९७, हे स्वतः वाचून पाहावे.